तिसऱ्या फेऱ्याचा ढोल

आधीच सांगून टाकते, मी फिजिक्स शिकवते. शहाद्याला लागून लोणखेडा आहे, तिथल्या एका कॉलेजात. एकोणीस वर्षं झाली. अंगात येणं, करणी, मूठ मारणं या विषयांवर मी वर्गात इतकं बोलले आहे की पोरं माझ्यामागे मला ‘पुरावाबाई’ म्हणतात, आणि खरं सांगू, मला ते आवडतं. असे अनुभव मी वाचते तेसुद्धा चूक शोधायला... इथे वायर ढिली असणार, इथे अंगात ताप असणार, इथे सांगणाऱ्याने थोडा मीठमसाला लावलाय. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली. तेव्हा माझं लिखाणही तुम्ही तसंच वाचा. चूक सापडली तर कळवा, मी सुटेन तरी.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. जागा – ब्रिटनमधल्या वेल्स भागातलं एक धरण. नाव देत नाही, तिथल्या लोकांनी तशी विनंती केलीय. वेळ भर दुपारची, तीन-सव्वातीन. ऊनसुद्धा होतं, म्हणजे त्यांच्याकडे जेवढं पडतं तेवढं.

पण त्याआधी दित्यादादांबद्दल सांगायला हवं.

दित्यादादा साठीच्या पुढचे. तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत राहतात. मूळचे नर्मदेकाठचे, मणिबेलीच्या वरच्या अंगाला त्यांचा पाडा होता. तो आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. ते पावा वाजवतात. पावा म्हणजे बांबूची लांब, जाडसर बासरी. ध्वनीचा धडा आला की मी दरवर्षी त्यांना वर्गात बोलावते. भोकं कुठे पाडायची हे ते बोटांनी मोजतात – चार बोटं, मग दोन, मग परत दोन. मी फुटपट्टीने मोजून गणित करते आणि दरवेळी त्यांची बोटं बरोबर निघतात. पोरांना त्याची भारी मजा वाटते.

त्यांच्या पाड्यावर एक वाजवणं होतं. त्याचं त्यांच्या बोलीतलं नाव मला धड उच्चारता येत नाही, मी आपली ‘साद’ म्हणते. घरं डोंगरावर विखुरलेली, एकेक घर एकेका टेकाडावर. नवं धान्य घरात आलं की एका टेकाडावरून पावा वाजायचा आणि दुसऱ्या टेकाडावरून ढोल उत्तर द्यायचा. असे तीन फेरे. पहिल्या दोन फेऱ्यांत पावा पुढे, ढोल मागे. तिसऱ्यात उलटं. ढोल आधी बोलणार आणि पावा त्याच्यामागून जाणार.

ढोल वाजवायचा दित्यादादांचा मोठा भाऊ, सोम्या. पाणी चढायला लागलं तेव्हा घरातलं सामान नावेतून हलवलं. ढोल मोठा, दोघांना उचलायला लागायचा, म्हणून पुढच्या फेरीला ठेवला. पुढच्या फेरीपर्यंत पाणी घरात आलं होतं. वसाहतीत आल्यावर काही वर्षांनी सोम्या काविळीने गेला आणि तिसरा फेरा त्याच्याबरोबर गेला. त्याचं कुठे रेकॉर्डिंग नाही, दुसऱ्या कुणाला तो येत नाही.

तेव्हापासून दित्यादादा दोनच फेरे वाजवतात. ढोलाच्या जागी गप्प राहतात, तेवढा वेळ मोजून सोडतात, आणि दुसरा फेरा संपला की पावा खाली ठेवतात. मी एकदा म्हटलं होतं, “दादा, तिसरा तुम्हीच अंदाजाने बसवा ना.”

त्यांची मराठी बाजारात शिकलेली, मोजकी. म्हणाले, “बाई, तिथे त्याने बोलायचं असतं. तो बोलला तर मी जाईन ना मागे. मीच दोघांचं कसं बोलू?”

ग्वेन वेल्सहून आली ती चार-पाच वर्षांपूर्वी. पन्नाशीची, नोकरीने नर्स, सुट्ट्या साठवून जगभर वाजवणारी माणसं ऐकत फिरते. कुणीतरी तिला माझ्या वर्गाबद्दल सांगितलं. तिने दित्यादादांचा पावा ऐकला आणि तिथल्या तिथे म्हणाली, “आमच्या गावाबाहेर आम्ही एक छोटा उत्सव करतो. तुम्ही याल?”

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलली. पण बाई खरंच मागे लागली. पत्रं आली, विमानाची तिकिटं आली, दुभाषी म्हणून माझंही नाव आलं. व्हिसासाठी मुंबईला गेलो तर दित्यादादांच्या बोटांचे ठसेच मशीनवर उमटेनात. जन्मभर कुऱ्हाड आणि नांगर धरलेली बोटं! सातव्यांदा उमटले. घरी सासूबाईंचं वेगळंच, त्यांच्या अहिराणीत. “इतलं दूर जाई ऱ्हायनी तू, पावा ऐकाले? वावरमा बठीसन ऐक ना! आन तठे भाकर भेटस का?”

भाकरीचं पुढे सांगते.

‘म्युझिक फेस्टिव्हल’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे स्पीकरच्या भिंती आणि लेझरचे झोत होते. आपल्याकडच्या वरातीत डीजेसमोरून जाताना बरगड्या थरथरतात, तसंच काहीतरी. तिथे पोचले तर काय... मेंढ्यांचं कुरण, धरणाचं पाणी, सात-आठ तंबू आणि दोन-अडीचशे माणसं. पोस्टर नाही, कंपन्यांचे बॅनर नाहीत. स्टेज म्हणून होती घोडे वाहून न्यायची एक ट्रॉली. तिचा मागचा दरवाजा खाली पाडला की झालं स्टेज! त्यावर ऐंशीच्या एक आजी इलेक्ट्रिक गिटार वाजवत होत्या. पलीकडे एक माणूस कुंपणाच्या तारेवर व्हायोलिनचा गज फिरवून आवाज काढत होता आणि पंधरा-वीस जण गवतात आडवे होऊन डोळे मिटून ते ऐकत होते.

कार्यक्रमपत्रिकाच नव्हती. सकाळी वाजवणारे सगळे एका दुधाच्या कॅनमध्ये हात घालून चिठ्ठी काढायचे. चिठ्ठीत जागा निघायची – झाडाखाली, मेंढवाड्यात, उलट्या ठेवलेल्या होडीपाशी – तिथे जाऊन वाजवायचं. एक बाई म्हणे तिकडे फार नावाजलेली गायिका होती. तिला मेंढवाडा निघाला. अकरा माणसं आणि मेंढ्यांसमोर ती तासभर जीव ओतून गायली, मग सगळ्यांसारखी रांगेत उभी राहून स्वतःची ताटली धुतली. मला सगळ्यात काय आवडलं सांगू? वाजवणं संपल्यावर कुणी लगेच टाळ्या वाजवत नव्हतं. चार-पाच श्वास सगळे तसेच बसायचे. मग टाळ्या.

ग्वेन म्हणाली, असे उत्सव ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी आहेत. दगडाच्या जुन्या खाणीत, कालव्यातल्या बोटींवर, कुणाच्या सफरचंदांच्या बागेत. चालवणारे पोस्टमन, शिक्षक, सुतार. एकमेकांना तंबू आणि केबली उसन्या देतात. एकाचा उत्सव पावसात वाहून गेला तर पुढच्या वर्षी बाकीचे येऊन त्याचे खांब पुरतात.

दुसऱ्या दिवशी दित्यादादांना तिथलं जेवण जाईना. ते सरळ स्वयंपाकाच्या तंबूत गेले, मक्याचं पीठ सोबत आणलंच होतं, आणि भाकरी थापायला बसले. मी माफी मागायला धावले तर तिथल्या बाईने मलाच बाजूला केलं आणि हात धुऊन त्यांच्याशेजारी बसली. अर्ध्या तासात रांग लागली. लाल मिरचीच्या चटणीने निम्म्या लोकांचे डोळे वाहत होते आणि तरी ते परत रांगेत येत होते. मी फोन करून सासूबाईंना सांगितलं – “भाकर भेटस.”

तर तिसरा दिवस. दित्यादादांना चिठ्ठीत निघालं – पाण्याचा काठ.

ग्वेन ते वाचून जरा थबकली. मग मला म्हणाली, “सुनीता, ती माझीच जागा आहे. मी तिथे पाणी ऐकवते.”

तेव्हा मला कळलं की या धरणाखालीही गाव आहे. ग्वेनच्या आजीचं गाव. घरं, शाळा, प्रार्थनेची जागा... शहराला पाणी हवं म्हणून बुडवलेलं. उत्सव इथे सुरू करायचं कारणच ते होतं. दरवर्षी ग्वेन लांब केबलला पाण्यातला माइक बांधून तळाकडे सोडते. जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात छोटा स्पीकर बसवलाय, तो गवतावर ठेवते. लोक बसून ऐकतात. बुडबुडे, मासे, केबलचं घासणं. बस, एवढंच. “आजी म्हणायची, प्रार्थनेच्या घंटेचा आवाज तिला झोपेत यायचा,” ग्वेन म्हणाली. “घंटा ऐकू येणार नाही हे मला माहीत आहे. तरी मी माइक सोडते.”

मी हे दित्यादादांना सांगितलं. ते पाण्याकडे वळले. मग म्हणाले, “यांचं पण?”

“हो दादा. यांचंही.”

“मग तिला सांगा, माइक काढू नको. पाण्याला ऐकू दे.”

साठेक माणसं काठावर बसली. वारा पडलेला. मी खोक्यापासून दोन हातांवर होते, ग्वेन रेकॉर्डर घेऊन माझ्याशेजारी. खोक्यातून नेहमीची बुडबुड येत होती. दित्यादादांनी साद सुरू केली. पहिला फेरा. मग ढोलाच्या जागेची शांतता. मग दुसरा फेरा, परत शांतता. आणि त्यांनी पावा मांडीवर ठेवला.

लोकांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या नाहीत. थांबले.

त्या थांबण्यात खोक्यातून आवाज आला. धम्म.

मला वाटलं केबल दगडावर आपटली. परत आला. मग दोन लागोपाठ, मग एक, मग तीन... जाड, ओला, लांबून येणारा. त्याला ठेका होता. त्याच क्षणी माझ्या डोक्यात यादी सुरू झाली – पंपहाऊस असेल, बोट असेल, कुणाचा तरी मोबाइल असेल. मी मागे वळून बघितलं. उत्सवात ढोलकीसारखं वाद्य वाजवणारे दोघंच होते. दोघंही माझ्यामागे गवतात बसलेले, हात रिकामे.

दित्यादादा घाबरले नव्हते. खूप दिवसांनी ओळखीचा माणूस दारात दिसावा तसा चेहरा झाला होता त्यांचा. त्यांनी पावा उचलला आणि ढोलाच्या मागून निघाले.

ते वाजवणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? ते कुणीच इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. ढोल पुढे आणि पावा मागे, डोंगरउतारावर एकामागून एक दोघं चालावेत तसं. मध्ये दित्यादादांना खोकला आला. वय झालंय, दम पुरत नाही. ते थांबले, खोकले, थुंकी गिळली. आणि खोक्यातला ढोल... थांबला नाही, पण पुढेही गेला नाही. एकच ठोका, तोच ठोका, सावकाश, परत परत. ते पावा ओठांना लावेपर्यंत. मग पुढे निघाला.

एकवेळ बाकी सगळ्याला मी काहीतरी कारण देईन. त्या वाट बघण्याला देता येत नाही.

संपलं तेव्हा खोक्यातून पुन्हा बुडबुडे येत होते. दित्यादादा पाण्याकडे तोंड करून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. मी नंतर विचारलं. म्हणाले, “काही नाही. जेवलास का विचारलं.”

मग मी माझं काम केलं. ते करणं भाग होतं, नाहीतर मला वेड लागलं असतं. माइक वर ओढला, केबल हातभर हातभर तपासली. पलीकडच्या काठाला चालत फेरी मारली, दीड तास. तिथे गाय नव्हती की माणूस नव्हता. पंपहाऊस बंद. ग्वेनच्या रेकॉर्डिंगमध्ये ढोल आहे, साठ जणांच्या कानांना भास झाला म्हणायचीही सोय नाही. प्रतिध्वनी म्हणावा तर पाव्याचा प्रतिध्वनी ढोल कसा होईल? हवेतला आवाज पाण्यात जेमतेम शिरतो, बहुतेक सगळा वरूनच परत फिरतो. म्हणजे खाली कुणी असतंच, तरी त्याला पावा ऐकू जायला नको होता. आणि कुणी चेष्टा केली म्हणावं, तर त्या चेष्टेखोराला तिसरा फेरा कुणी शिकवला?

संध्याकाळच्या जेवणाआधी काठावर होते ते सगळे गोल बसले. मला धास्ती होती की एव्हाना हे कुणीतरी इंटरनेटवर टाकलं असेल. पण काठावर कुणी मोबाइल काढलाच नव्हता, त्यांचा नियम आहे तो. ग्वेन उभी राहिली. फाइल तिच्याकडे होती. ती म्हणाली, “हा आवाज काय आहे मला माहीत नाही. पण तो कुणासाठी होता ते आपण सगळ्यांनी बघितलं. तेव्हा ही फाइल त्यांची आहे. माझ्याकडची प्रत मी पुसते. चालेल?”

साठच्या साठ हात वर गेले. एकही प्रश्न नाही, ‘एकदा परत ऐकवा’ नाही. तिने पेनड्राइव्ह दित्यादादांच्या हातात ठेवला.

मी तिला बाजूला गाठलं. म्हटलं, “ग्वेन, तू इतकी वर्षं माइक सोडतेस. वाईट नाही वाटलं? तुझी घंटा...”

“वाटलं,” ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती लपवत नव्हती. “तासभर खूप वाईट वाटलं. मग मनात आलं, इतकी वर्षं आम्ही हा काठ शांत ठेवला, तो कुणाच्या तरी कामी आला ना? माझ्या आजीला आवडलं असतं. पाहुणा आधी जेवतो, असं तिच्या घरी होतं.”

मी जगात फार फिरलेली नाही. पण अशी माणसं मी कमी बघितली आहेत.

परत आल्यावर एक परीक्षा बाकी होती. सोम्याची बायको, रेमतीआजी, वसाहतीतच असते. सत्तरीची, कानाने तल्लख. दित्यादादांखेरीज तिसरा फेरा वर्षानुवर्षं ऐकलेलं हे शेवटचं माणूस. मी दित्यादादांना आधीच बजावलं – तिला काही सांगायचं नाही, कुठे वाजलं, काय झालं, काहीही नाही. आणि खोक्यातून ढोल सुरू होतो तिथूनच मी फाइल लावली.

ती सूप घेऊन मका पाखडत होती. हात थांबला. संपल्यावर तिने सूप खाली ठेवलं. मग तिच्या बोलीत जे म्हणाली ते दित्यादादांनी मला सांगितलं.

“म्हणते, डावा हात उशिरा पडतोय. मोहाच्या झाडावरून पडला होता, तेव्हापासून मनगट वळायचं नाही. रोज रात्री मीच तेल लावायची.”

मी दित्यादादांना विचारून फाइल घरी आणली आणि आवाजाचा आलेख कॉम्प्युटरवर ताणून बघितला. ढोलाच्या दोन तोंडांचे आवाज वेगळे असतात, ते ओळखू येतात. डाव्या तोंडाचा ठोका खरंच मागे पडतो. प्रत्येक वेळी, जवळजवळ तेवढाच. तो उशीर कानाला कळण्याइतका मोठा नाही. निदान माझ्या कानाला नाही.

नंतर रेमतीआजीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, तिकडचं पाणी फार थंड असतं का. मी हो म्हटलं. तिला ते आवडलं नाही.

आता वसाहतीत सोम्याचा मुलगा ढोल शिकतोय. गुलाबसिंग, चाळिशीचा, ट्रॅक्टर चालवतो. बाप असताना त्याने कधी ढोलाचं टिपरू हातात धरलं नव्हतं. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा दित्यादादा त्याला ती फाइल ऐकवून तिसरा फेरा बसवून देत होते. तो वाजवत होता चांगला, एकदम घट्ट, दोन्ही हात जागच्या जागी. दित्यादादांनी मान डोलावली. म्हणाले, “बरोबर. तुझा हात सरळ पडतो. त्याचं मनगट मोडकं होतं, तुला तसं वाजवायचं कारण नाही.”

रेमतीआजी उंबऱ्यात बसली होती. ती मधेच बोलली. तेवढं मला दुभाष्याशिवाय कळलं.

“तसंच शिकव,” ती म्हणाली. “उशिरा.”

गुलाबसिंगने काकाकडे बघितलं, मग आईकडे. डावा हात जरासा मागे ठेवून त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि दित्यादादा त्याच्या मागून निघाले.

मी जे बघितलं, जे तपासलं, ते सगळं लिहिलंय. कारण माझ्याकडे नाही. वर्गात ध्वनीचा धडा मी अजून तसाच शिकवते, त्यातलं एक वाक्यही बदललेलं नाही. फक्त एखाद्या पोराने मागच्या बाकावरून विचारलं, “मॅडम, पाण्यातला आवाज किती लांब जातो?” – तर हवेपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने जातो एवढं सांगते. किती लांब, ते मला माहीत नाही म्हणते.